रोवळीचं गाऱ्हाणं

मालवणच्या बाजारात लोक माझ्या तोंडाला भितात म्हणे. भिऊ देत. मी जहिरा, नूर मुद्रणालयाच्या नुरुद्दीनची मुलगी. सासर सोडून आले ती परत गेले नाही, आणि का गेले नाही हे विचारायला आलेल्या बायकांना मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. तेव्हापासून अब्बांच्या छापखान्यात खिळे जुळवते. एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं लावायचं, ओळ बांधायची. डोकं तापलेलं असलं की हे काम बरं पडतं. पण रागाच्या बाबतीत मी जिच्यापुढे अगदीच लिंबूटिंबू ठरेन ती बाई मसुरे गावची, आमची सुभद्राकाकी. तिची गोष्ट सांगायची तर त्यात राग आलाच, तिचाही आणि माझाही. माझा अजून उतरलेला नाही.

काकी अंगाने काटकुळी, आवाजाने मात्र अख्ख्या वाडीला पुरून उरेल अशी. नवरा मुंबईला कुठल्याशा खानावळीत. तो गणपतीला यायचा, आठ दिवस हिच्या हातचं जेवायचा, हिच्याच मसाल्याला नावं ठेवायचा आणि परत जायचा. बाकीचं वर्ष घर, दोन पोरी आणि म्हातारी सासू हिच्या गळ्यात. ही भर उन्हाळ्यात अंगणात मिरच्या वाळत घालायची, चुलीपुढे बसून धणे, तीळ, खसखस, लवंग एकेक जिन्नस वेगळा भाजायची. मिरची भाजायला घेतली की शेजारची माणसं शिंकत शिंकत घराबाहेर पडायची आणि हिला शिव्या घालायची. ही त्यांना आतून दुप्पट घालायची. मग जमिनीतल्या दगडी व्हायनात मुसळाने कुटायची. तिच्या तळहाताला कायम मिरचीची धग असायची. पोरी लहान होत्या तेव्हा त्यांच्या तोंडावरून हात फिरवायची सोय नव्हती, असं ती एकदा मला म्हणाली होती. एरवी असलं काही बोलायची नाही.

तो मसाला कागदाच्या पुड्यांत बांधून, पुड्या रोवळीत घालून, रोवळी डोक्यावर घेऊन ती एस.टी.ने मालवणला यायची. रोवळी म्हणजे आमच्याकडची तांदूळ धुवायची बांबूची टोपली. बायका तिला नावाने ओळखतच नव्हत्या. "रोवळीचो मसालो इलो काय?" असंच दुकानात विचारायच्या.

म्हणूनच एके दिवशी ती आमच्याकडे आली. पुडीवर लावायला लेबल हवं होतं. तिने त्यावर नाव नको म्हणून सांगितलं, "नाव कोण वाचता? माका रोवळी व्हयी."

अब्बा हाताने बरे. छोट्या धंदेवाल्यांना कोल्हापूरहून छपाईचा जस्ताचा ठोकळा करून आणणं परवडत नाही, म्हणून ते स्वतःच लाकडावर चित्र कोरून द्यायचे. त्यांनी कागदावर रोवळी काढली. काकी म्हणाली, "ही टोपी आसा." दुसरी काढली. "ह्या घंगाळ." तिसऱ्याला तिने कागदच ढकलला, चुलीतला कोळसा मागितला आणि आमच्या शहाबादी फरशीवर उकिडवी बसून स्वतः काढली. तिच्या रोवळीच्या काठाची एक पट्टी डाव्या बाजूला मोडलेली होती. तिने तीसुद्धा तशीच काढली. अब्बांनी ती फणसाच्या लाकडावर कोरली, मोडक्या पट्टीसकट. पिवळ्या कागदावर लाल शाईत पहिलं लेबल निघालं तेव्हा काकीने ते उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाली, "हां. ही माझी."

ठोकळा आमच्याकडेच राहिला. छापखान्याची रीतच तशी. ज्याचा त्याचा ठोकळा फळीवर ठेवलेला असतो. लागेल तेव्हा काढायचा, शाई लावायची, छापायचं, पुसून परत ठेवायचा. माणूस विश्वासाने ठेवतो.

मसाला खपायचा गंगारामशेटच्या दुकानातून. बाजाराच्या तोंडावर त्याचं मोठं दुकान. अर्ध्या तालुक्याचा किराणा तिथून जायचा. त्याची बिलबुकं, त्याच्या पिशव्या, त्याच्या घरच्या लग्नपत्रिका सगळं आमच्याकडे. तो आला की अब्बा खुर्ची पुसायचे. ते बघून माझं टाळकं सटकायचं. माणूस बसणार ती खुर्ची पुसा, पण त्याच्यासाठी एक रीत आणि माशांच्या पाटीवालीसाठी दुसरी, असं कशाला?

मग शहाऐंशी सालच्या दिवाळीच्या सुमाराला कोल्हापूरचा एजंट आला. बगलेत हा जाडजूड आल्बम. ऑफसेटची छपाई, चार रंग, गुळगुळीत कागद. आल्बममधलं चित्र निवडायचं, नंबर सांगायचा, खाली तुमचं नाव छापून येणार. सगळा बाजार त्या आल्बमवर तुटून पडला. बांगड्याचं तिखलं विकणाऱ्या खानावळवाल्याने कॅलेंडरसाठी बर्फाचे डोंगर निवडले. त्यात एक लाकडी घर आणि दारात मेंढ्या. सायकलवाल्याने गुबगुबीत गोरं बाळ घेतलं. शिंप्याने गुलाब घेतला, निदान तो सुईसारखा बोचतो तरी. त्या खानावळवाल्याने जन्मात बर्फ बघितला तो कुल्फीच्या गाडीवर, आणि त्याच्या भिंतीवर आता वर्षभर बर्फच. आणि हीच माणसं आमच्याकडे येऊन म्हणायची, "नुरुद्दीनभाय, तुमची छपाई जुनी झाली." जुनी झाली! त्यांच्या दुकानाची पाटी, त्यांच्या बापाच्या तेराव्याचं कार्ड, सगळं त्याच जुन्या मशीनवर निघालेलं.

गंगारामशेटने आल्बममधलं काही घेतलं नाही. तो शहाणा. त्याने प्लॅस्टिकच्या छापील पिशव्यांची ऑर्डर दिली. त्या माल भरूनच आल्या आणि दुकानात टांगल्या गेल्या. हिरव्या पिशवीवर वर ठसठशीत 'गंगाराम मालवणी मसाला' आणि खाली रोवळी. काकीचा माल त्याने त्याच आठवड्यापासून घ्यायचं बंद केलं. "सध्या उठाव नाय," म्हणाला. ती बिचारी आपल्या पुड्या घेऊन तोंडवली, आचऱ्याच्या बाजूला दारोदार फिरायला लागली. पिशवीचं तिला ठाऊकच नव्हतं.

तिला ते कळलं एका लग्नघरी. ती तिथे वाटण वाटायला मदत करायला गेली होती. आचाऱ्याने तिला सगळ्यांदेखत ऐकवलं, "काकी, औंदा तुझ्या मसाल्यात नुसतो रंग आसा गो. वासच नाय. आणि परवा थंय शेरवाडीत जेवणावळीत माणसांची पोटां बिघाडली. हाताक काय झाला तुझ्या?" काकीने त्याच्यापुढची हिरवी पिशवी आणि तिच्यावरची रोवळी बघितली. बायका हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत होत्या. एवढ्या वर्षांत तिच्या हाताला कोणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आता जो रंग तिने घातलाच नव्हता त्याच्यासाठी ती चारचौघांत चोर ठरली.

तिथून ती थेट गंगारामच्या दुकानात गेली. तो पान लावत म्हणाला, "रोवळी काय तुझ्या बापाशीची? घराघरात आसा." पुढे हेही म्हणाला की पिशवीत तिचाच मसाला आहे असं गिऱ्हाईक समजत असेल तर त्यात तिचीच जाहिरात आहे, तिने उलट खूश व्हावं. हे ऐकून मी असते तर त्याच्या तोंडावर वजनकाटा मारला असता.

काकी तडक आमच्याकडे आली आणि पिशवी माझ्यापुढे आपटली. मी बघितलं. डाव्या बाजूला काठाची पट्टी मोडलेली. घराघरात रोवळी असेल, पण घराघरातल्या रोवळीची तीच पट्टी तिथेच मोडत नाही. मी फळीकडे बघितलं. ठोकळा जागेवर होता. मग अब्बांकडे बघितलं. ते शाईचा रूळ पुसत होते, पुसलेलाच परत पुसत होते.

"अब्बा, ठोकळो तेका दिल्लात?"

"एका दिसासाठी मागितल्यान," ते म्हणाले. "शेट माणूस. नाय कसा म्हणतलंय? तेणा सांगितल्यान, हो ठोकळो कोल्हापुराक दाखवचो आसा. ह्याच रोवळेची पिशवी करूची आसा. तेणा लपवल्यानच नाय."

मला इतका संताप आला की हातातली अर्धी जुळवलेली ओळ मी खाली टाकली. खिळे फरशीभर उडाले. मी अब्बांना जे बोलले ते मुलीने बापाला बोलू नये असं बाजार म्हणेल. त्यातला एक शब्द मी आजही मागे घेणार नाही. काकीने मात्र पिशवीची घडी घातली, कमरेला खोचली आणि निघून गेली. एवढी तोंडाळ बाई, आणि अब्बांना एक अक्षर नाही.

त्यानंतर पौषात आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख निघाली. भराडीदेवीची जत्रा पंचांगात नसते. देवीला विचारून गावकरी तारीख ठरवतात, आणि ती कळली की मग सगळ्या मुलखाची धावपळ उडते. आमच्यासारख्या छापखान्यांना काम मिळायचं ते यामुळेच. तारीख कळल्यावर कोल्हापूरला ऑर्डर देऊन माल वेळेत यायचा भरवसा नाही. हॉटेलवाले, खाजेवाले, दशावतारी नाटकवाले सगळे आमच्या दारात उभे राहतात. तेव्हा कोणाला आमची छपाई जुनी वाटत नाही.

त्या गर्दीत काकी आली. तिला जत्रेत स्वतःचं पाल, म्हणजे कापडी आडोशाचं दुकान, मांडायचं होतं. मालवणचे, मसुऱ्याचे, मुंबईहून आलेले सगळे तिथे येणार. तिथे तिचं नाव धुऊन निघालं तर निघालं, नाहीतर पोरींना घेऊन तिने गाव सोडावं अशी बोलणी घरातच सुरू झाली होती. नवऱ्याने मुंबईहून सांगावा धाडला होता, धंदा बंद कर.

अब्बांना फार अपराधी वाटत होतं, त्यामुळे ते फार गोड बोलत होते. त्यांनी तिच्यापुढे सगळे मार्ग मांडले. कुडाळला आता कपड्यावर स्क्रीनचं छापून देतात, तसा फलक करू. दोन रंगांत लेबल करू. मग हळूच म्हणाले, "काकी, माझा आयक, चित्र बदल. मोर घे, कमळ घे. मी फुकट कोरतंय."

"मी कित्याक बदलू?" काकी म्हणाली. "माझ्या घरात चोर शिरलो तर मी घर सोडू?"

"मग हँडबिल काढू," अब्बा म्हणाले आणि कागद ओढून लिहायला बसले. असा मजकूर त्यांना तोंडपाठ. वाचून दाखवला: 'आमच्या तमाम ग्राहकवर्गास नम्र विनंती की, आमच्या मालाचे वाढते यश पाहून काही इसमांनी...'

"नम्र?" काकी ओरडली. बाहेरचा खाजेवाला दारात डोकावला. "माझा नाव मातयेत गेला आणि मी नम्र? माका नम्र छापूचा नाय!"

"काकी, मग काय छापूचा ता तूच सांग," मी म्हटलं आणि खण पुढे ओढला.

ती उभी राहिली. पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले आणि आमच्या पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनकडे तोंड करून तिने गाऱ्हाणं घातलं. आमच्या भागात काहीही असो, लग्न, जत्रा, नांगरणी, देवापुढे एकजण उभा राहून खणखणीत आवाजात मागणं मागतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणतात. ते पुरुषांचं काम. बाईने घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मुसलमानाची मुलगी, पण लहानपणापासून शेजारच्या आवाठात, म्हणजे वाडीत, ऐकून मलाही ते 'व्हय म्हाराजा' जिभेवर येतं. त्या दिवशीही आलं.

ती बोलत गेली, मी जुळवत गेले. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची. मी पुढची ओळ लगेच खाली लावायला लागले तशी म्हणाली, "मदी जागा सोड गो. थंय लोक बोलतले."

अब्बा म्हणाले, "कागद फुकट जातलो."

"जावंदे," मी म्हटलं.

मजकूर पुरा झाला तेव्हा अब्बा घाबरले. त्यात गंगारामचं नाव नव्हतं, गाऱ्हाण्यात कोणाचं नाव घेत नाहीत. पण बाजाराला कळायला नाव कशाला हवं? "उद्या शेटीन सगळा काम काढून घेतल्यान तर खावचा काय?" ते म्हणाले. टोपी डोक्यावर चढवली आणि बाहेर जाऊन बसले. मी जुळवलेला फर्मा मशीनवर चढवला, शाई लावली आणि पाय मारायला सुरुवात केली. काकी एकेक ओला कागद उचलून दोरीवर टाकत होती.

जत्रेला मी गेले. सासर सोडलेल्या बाईने गर्दीत मिरवू नये म्हणणाऱ्यांना मुद्दाम दिसेल अशी गेले. काकीचं पाल छोटं, पुढ्यात तीच रोवळी. समोरच्या अंगाला गंगारामशेटचं मोठं पाल, हिरव्या पिशव्यांच्या माळा. काकीने ती समोरची जागा मागून घेतली होती का देवीने दिली, मला माहीत नाही. सकाळपासून लोक तिच्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. एक बाई तर नाकाला पदर लावून म्हणाली, "पोटां बिघाडणारी हीच गो." काकीने तिच्याही हातात कागद दिला.

दुपारी मसुऱ्याचे हरिश्चंद्र आले. गावात गाऱ्हाणं घालायचं ते यांनीच, असा त्यांचा आवाज. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला. बरोबरच्या म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचायला लागले. मजकूरच असा की तो साध्या आवाजात वाचताच येईना.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या जत्रेक इली आसत, तेंका सुखरूप घराक पोचय!"

कागदावर जागा कोरी होती. हरिश्चंद्र थांबले. म्हाताऱ्यांनी सवयीने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"मुंबयसून इल्ले, गावातसून इल्ले, सगळ्यांचो हात धर!"

"व्हय म्हाराजा!" आता आजूबाजूची माणसंही थांबली. गाऱ्हाणं चाललंय म्हटल्यावर कोण गप्प राहील? खाजेवाले, फुगेवाले, पोराला कडेवर घेतलेल्या बाया, सगळे.

"एका बायलमाणसान धुरात डोळे जाळून मसालो केल्यान, आपल्या रोवळेचा चित्र काढून विकल्यान, तेच्या हाताक यश दी!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या कोणी ता चित्र चोरल्यान, आणि रंगाची पूड भरून तुझ्या लेकरांच्या पोटात घातल्यान, तेका आज तुझ्या दारात उभो कर!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज जरा दबका आला. माणसं आता ऐकायला लागली होती. हरिश्चंद्रांचाही आवाज अडखळला. त्यांनी चष्म्यावरून काकीकडे बघितलं, मग समोरच्या हिरव्या माळांकडे, आणि शेवटची ओळ त्यांनी देवळापर्यंत जाईल अशी म्हटली.

"तो चोर हंयच खंय असात, तर तेका तेच्याच तोंडान व्हय म्हणूक लाव!"

या वेळी कोणीच काही बोललं नाही. सगळे घुटमळले. आणि त्या शांततेत समोरच्या पालातून, खोक्यात वाकून पिशव्या काढणाऱ्या गंगारामशेटचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

त्याने ऐकलंच नव्हतं. गिऱ्हाईक, हिशेब, खोकी यांत गुंतलेला माणूस. कानावर गाऱ्हाण्याचा सूर पडला आणि जन्मभराच्या सवयीने तोंडातून निघून गेलं. पिशव्यांचा गठ्ठा छातीशी धरून तो सरळ झाला आणि बघतो तर सगळी जत्रा त्याच्याकडे तोंड करून उभी. आधी कोणीतरी बाई फिसकन हसली. मग जे हसणं उठलं ते थांबेना. "काय झाला? काय झाला?" तो विचारत होता. हरिश्चंद्र हसले नाहीत. ते त्याच्या पालापाशी गेले, कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "शेटीनू, देवीच्या दारात म्हटलास. आता मागे घेव नकात."

त्याने वाचलं. त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही, आणि विसरायची इच्छाही नाही. संध्याकाळच्या आत त्याने माळा उतरवल्या. पुढे त्याने पिशवीवरचं चित्रही बदललं. नाकाला पदर लावणारी बाई काकीकडून दोन पुड्या घेऊन गेली, आणि माफी मागायची सोडून, पुडी जरा लहान झालीय म्हणून कुरकुर करून गेली.

आठवड्याने काकी नवी लेबलं न्यायला छापखान्यात आली. अब्बांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली. गंगारामने काम काढून घेतलं नव्हतं, त्यामुळे ते भलतेच खुशीत होते. जत्रेतला किस्सा त्यांनी बाजारात दहा ठिकाणी सांगितला होता, जसं काही हँडबिल त्यांनीच काढलं. तिलाही परत सांगायला लागले. "काय गो काकी, बघलंस मां? मेल्यान न आयकताच व्हय म्हटल्यान!"

काकी बसली नाही. फळीवरून तिने स्वतःच आपला ठोकळा उचलला, शाई पुसली आणि पदराच्या टोकात घट्ट बांधला.

"हो आता माझ्याकडे ऱ्हवतलो," ती म्हणाली. "छापूचा असात तेव्हा घेवन येतलंय, आणि छापून होईसर हंय बसतलंय."

"अगो पण कित्याक? आता कोण चोरता?"

"गंगारामान न आयकता व्हय म्हटल्यान, नुरुद्दीनभाय," ती म्हणाली. "तू सगळा आयकान व्हय म्हटलंस."

तिची एस.टी. सुटायची वेळ झाली होती. लेबलांचा गठ्ठा काखेत मारून ती निघाली. अब्बा पुसलेल्या खुर्चीवर स्वतःच बसले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.